निवृत्त वडील दिवसभर मोबाईलवर असतात, विसरायलाही लागलेत. कोडी-सुडोकूने खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की बाबा तलाठी म्हणून निवृत्त झाले, दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ बघत बसतात, अलीकडे माणसांची नावं विसरायला लागलेत. तुम्ही हौसेनं शब्दकोडी आणि सुडोकूची पुस्तकं आणून दिलीत आणि त्यांनी हातही लावला नाही. शेवटचं वाचून मला हसू आलं, राग मानू नका. आमच्याकडच्या सुडोकूच्या पुस्तकाचा एकच उपयोग झाला. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की प्लास्टिक उडू नये म्हणून कोपऱ्यावर ठेवायला.

मी लातूरची. 32 वर्षं शाळेत गणित शिकवलं. ते पुस्तक मी सासऱ्यांसाठी आणलं होतं. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. जन्म 1938 चा, उभी हयात आडतीवर मुनीम म्हणून काढली. सासूबाई गेल्या त्या वर्षापासून ते टीव्हीसमोरच्या खुर्चीतून उठेनात. तीच बातमी पाचव्यांदा लागली तरी तितक्याच मन लावून बघायचे. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचे. आधी आम्ही हसण्यावारी नेलं, मग हसू येईना.

गणिताची बाई मी, मला वाटलं सुडोकूसारखा उपाय नाही. नियम समजावून सांगितले. त्यांनी त्या चौकोनांकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे आकडे कशाचे हायत?" मी म्हटलं, कशाचेच नाहीत, नुसते आकडे. "मग कामून भरायचे?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्यांच्या वहीतला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी तुरीचा नाहीतर हरभऱ्याचा होता, त्यांना बिनमालकाचे आकडे रांगेत लावायला सांगणं हा जवळजवळ अपमानच होता. काहींना सुडोकू मनापासून आवडतं, त्यांनी जरूर सोडवावं. माझा नवरा सोडवतो. पण आवडत नसताना औषधासारखं घ्यायला लावलं तर माणूस औषधासारखंच टाळतो.

दुसरी चूक याहून वाईट. कुठंतरी वाचून मी रोज सकाळी त्यांची परीक्षा घ्यायला लागले. आज वार कोणता? काल रात्री भाजी कशाची होती? पाहुणे आले त्यांचं नाव काय? चार दिवस त्यांनी उत्तरं दिली. पाचव्या दिवशी नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि चहा तसाच ठेवून आत गेले. आपलं डोकं चालतंय की नाही हे सून तपासायलीय, हे त्यांना कळलं होतं. एवढी एक गोष्ट करू नका.

मग आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी साधा प्रश्न विचारला, "त्यांना नीट दिसतं का? ऐकू येतं का?" आम्ही गप्प. एका डोळ्याचा मोतीबिंदू पिकलेला निघाला. कानाचं तर आमच्याच लक्षात यायला हवं होतं, टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना पाठ झाला होता. भजनाला जायचं त्यांनी का सोडलं तेही तेव्हा कळलं. चाल ऐकू येईना, ठेका चुकायला लागला, चारचौघांत लाज वाटली. आम्ही समजत होतो मन लागत नाही. नावं विसरण्याचंही निम्मं गूढ तिथंच होतं, कारण जे नाव धड ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार कुठून?

हे घरगुती निरीक्षण वाटेल, पण स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये धोका वाढवणाऱ्या आणि आपल्याला काही अंशी आटोक्यात आणता येणाऱ्या 14 गोष्टी सांगितल्या, त्यात कमी ऐकू येणं आहे, कमी दिसणं आहे, एकटेपणाही आहे. रक्तदाब, मधुमेह, बिडी-सिगारेट, बसून राहणं हे तर आहेच. तेव्हा पुस्तकं आणण्याआधी बाबांचे डोळे आणि कान तपासून घ्या. रक्तात बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉईडही बघायला सांगा. आप्पा माळकरी, मांस-मच्छी नाही, दूधही बेताचंच. त्यांचं बी-12 बरंच कमी निघालं. या कमतरतेनं विसराळूपणा येऊ शकतो आणि तो उपचारानं सुधारूही शकतो. मात्र ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशाचे व्यवहार अचानक न जमणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं असं काही दिसत असेल तर कोडी बाजूला ठेवा आणि थेट मेंदूच्या डॉक्टरकडं जा.

कानाचं मशीन दोन महिने कपाटात पडून होतं. ते बसवून घ्यायला नातवाची मिनतवारी लागली, ती वेगळी कथा.

खरी सुरुवात झाली ती अपघातानं. गावाकडं आमचं थोडं शेत आहे. सोयाबीन विकल्याची हिशोबपट्टी आली होती आणि मी ती नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवत होते. 14 क्विंटल 35 किलो, भाव 3,200. घाईत मी तोंडी 45,820 म्हणाले. टीव्हीसमोरून आवाज आला, "शंभर रुपये कुठं गेले?"

मी परत केलं. 45,920. बरोबर होतं त्यांचं. मी विचारलं, कसं केलंत? तर म्हणाले, चौदाचे चव्वेचाळीस हजार आठशे. पस्तीस किलो म्हणजे पाव क्विंटल आणि वर दहा किलो, पावाचे आठशे, दहाचे तीनशे वीस. "आन तू मास्तरीण!" हे वर ऐकून घ्यावं लागलं. पण कितीतरी दिवसांनी ते खुर्चीत माझ्याकडं वळून बसले होते.

त्यानंतर मी रोज पेपरातले बाजारभाव मोठ्यानं वाचायला लागले आणि मुद्दाम कुठंतरी चुकायला लागले. हमाली, तोलाई वजा करून हातात किती पडतील, असलं काहीबाही विचारायचं. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे सगळे पाठ आहेत. औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा: दोनाला सात, तिनाला साडेदहा, चाराला चौदा. माझ्या पिढीनं ती टाकून दिली आणि मी तर ती टाकणाऱ्यांतलीच. मी म्हटलं, मला शिकवा. इथं पारडं फिरलं. आधी मी परीक्षा घेत होते, आता ते घ्यायला लागले. पासष्टीकडं झुकलेली मी औटकी पाठ करायलीय आणि ते साडेसतराच्या पुढं अडवतायत! त्यांच्या डोक्याला व्यायाम होत होता तितकाच माझ्याही. किंबहुना माझ्या जास्तच, कारण त्यांना ते येत होतं आणि मला नवीन होतं.

तुमचा मूळ प्रश्न, याने खरंच फरक पडतो का? तर उत्तर थोडं अडखळत द्यावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये 75 वर्षांवरच्या 469 लोकांवर बरीच वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पट मांडून खेळायचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच, हे करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. पण यात एक मेख आहे. ज्यांचं डोकं आतून थकायला लागलेलं असतं ते आधीच खेळणं सोडतात, मग खेळामुळे डोकं टिकलं की डोकं टिकलं म्हणून खेळ टिकला, हे सांगणं अवघड. दुसरा एक मोठा प्रयोग अमेरिकेतच झाला, 2,832 लोकांवर, त्याचे निष्कर्ष 2002 चे. काहींना स्मरणशक्तीचं शिक्षण दिलं, काहींना तर्काचं, काहींना झटपट पाहून ओळखण्याचं. ज्याला जे शिकवलं त्यात तो सुधारला. तर्क शिकलेल्याची स्मरणशक्ती काही त्यामुळे वाढली नाही. म्हणजे सुडोकू सोडवणारा सुडोकूत पटाईत होतो, एवढं नक्की. त्यापुढची आश्वासनं देणाऱ्या मोबाईलच्या 'ब्रेन गेम'पासून दोन हात दूरच राहा. असल्या खेळांच्या एका अमेरिकी कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल 2016 साली 20 लाख डॉलर मोजावे लागले होते.

मग मी हे सगळं का सांगतेय? कारण आप्पांची स्मरणशक्ती वाढली असा माझा दावा नाही. ते खुर्चीतून उठले, एवढंच मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि उठवलं ते आकड्यांनी नाही, समोर चुकणारं माणूस होतं म्हणून. एकट्यानं भरलेलं कोडं भरून झालं की मिटतं. दोघांनी भांडत भरलेलं जेवणाच्या ताटावर येतं, दुसऱ्या दिवशीही उकरून काढलं जातं. वेरूळला 21 नंबरच्या, रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळतानाचं शिल्प आहे. देवालाही खेळायला समोर कुणीतरी लागलंच की.

आमच्याकडं सारीपाट नाही, पत्त्यांचा मेंढीकोट आहे. मे महिन्यात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते, तेव्हा ओसरीवर सतरंजी पडते. आप्पा आणि नातू एका बाजूला, मी आणि शेजारचे सर दुसऱ्या. सर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. आप्पा निजामाच्या राजवटीत शाळेत गेले, तिथं उर्दू गिरवलेली. पत्ते पिसता पिसता एकदा सरांच्या हातातल्या उर्दू पेपरातलं एक अक्षर त्यांनी ओळखलं, मग दुसरं, आणि आता मथळे अडखळत वाचतात. अडखळतात म्हणूनच ते चांगलं, असं मला वाटतं. हरिपाठ त्यांना झोपेतही म्हणता येतो. त्यानं मन शांत होतं, पण डोक्याला चढ लागतो तो उजवीकडून डावीकडं वाचताना.

मेंढीकोटात हुकूम कोणता, किती मेंढ्या म्हणजे दश्श्या गेल्या, कुणाकडं कोणतं पान उरलं असेल, भिडूनं आत्ता हे पान का टाकलं, एवढं सगळं धरून ठेवावं लागतं. आप्पा कधीकधी मधेच हुकूम विसरतात. आम्ही सांगून टाकतो आणि खेळ पुढं जातो. त्यात काय एवढं! सरही विसरतात. मी पानं लपवते ते मात्र आप्पा बरोबर पकडतात.

नातवाचं एक कोडं सांगते, ते तुमच्याकडंही चालेल. देवळालीला शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी शोधलेलं आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमानं लिहून वजा करा. जे येईल त्याचं परत तेच करा. फार तर सात वेळात तुम्ही 6174 वर येता आणि तिथंच अडकता. नातवानं आप्पांना संख्या सांगायला लावली. ते म्हणाले, "अठ्ठेचाळीस साल घे, आपलं." म्हणजे 1948. 9841 वजा 1489, आले 8352. मग 8532 वजा 2358, आणि दोनच घासांत 6174. आप्पांनी कागद ओढून घेतला, स्वतः केलं, मग घरातल्या प्रत्येकाचं जन्मसाल करून बघितलं. पण त्या दिवशी खरी मैफल झाली ती 1948 ची. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी ते दहा वर्षांचे होते. रझाकारांच्या भीतीनं घरातलं धान्य कुठं पुरलं होतं, विमान बघायला पोरं कशी माळवदावर चढली आणि आईनं कसं ओढून खाली आणलं. हे नातवानं तर सोडाच, मीही कधी ऐकलं नव्हतं. कोडं एकीकडंच राहिलं.

वाचनाचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या बाबांना ते आवडतं की नाही तुम्ही लिहिलं नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात नाव घाला आणि पुस्तक तुम्ही निवडू नका, त्यांना जाऊ द्या. जाताना पाय मोकळे होतात, तिथं चार माणसं भेटतात. घरी असतील तर तुम्ही लसूण सोलत बसा आणि त्यांना अग्रलेख मोठ्यानं वाचायला सांगा. आणि पटला नाही असं म्हणा.

मोबाईल हिसकावून घेऊ नका. आप्पांचा टीव्ही आजही चालू असतो, बातम्या आणि कीर्तन दोन्ही. फक्त दुपारचे दोन तास तो आपोआप बंद राहतो.

आता तुमच्या बाबांकडं. तलाठी होते म्हणता, म्हणजे घरात कोडं तयारच आहे. जुना सातबारा काढा, फेरफार काढा, आणि त्यांच्याजवळ बसून म्हणा की मला यातलं काही कळत नाही, आणेवारीनं, म्हणजे आण्यांत हिस्से धरून, वाटणी कशी करायची ते सांगा. नसेल काही तर असं करा. समजा 5 एकर 13 गुंठे रान आहे आणि भाऊ तीन. तुम्ही कागदावर हिशोब मांडा आणि प्रत्येकाला 1 एकर 30 गुंठे येतात असं ठामपणे, जरा मोठ्यानं म्हणा. मग थांबा. तीन गुंठे हवेत राहिलेले तलाठ्याला बघवत नाहीत.