भरतकाम अर्धवट का राहते?

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून मी भरतकाम शिकत आहे. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका आणि गाठीचा टाका मला जमतो. खण आळीतून कापड आणि दोरे आणून मी उत्साहाने सुरुवात करते. परंतु आज घरात दोन अभ्रे, एक टेबलक्लॉथ आणि भाचीसाठी घेतलेले झबले असे सगळेच अर्धवट पडले आहे. नवीन नक्षी दिसली की जुने काम मागे पडते. काम पूर्ण करण्याची सवय कशी लावावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सवयीविषयी विचारले आहे, परंतु पत्र वाचताना मला खरी अडचण कामाच्या आखणीत दिसली. नक्षीची बाह्यरेषा एकदोन बैठकींत होऊन जाते आणि हुरूप वाढतो. मग भरीव टाक्याने पाकळ्या भरायला घेतल्या की तासाभरात जेमतेम एखादी पाकळी होते, आणि तिथेच काम कपाटात जाते. पाकळी एक सेंटिमीटरहून रुंद असेल तर हे टाके सैल पडून दोरा लोंबतो, म्हणजे वेळ घालवूनही समाधान मिळत नाही. मोठ्या पाकळ्यांची कड साखळी टाक्याने घालावी, आत विरळ धावदोरा किंवा चारदोन गाठी पेराव्यात आणि भरीव टाका कळ्या, लहान पाने यांच्यापुरता ठेवावा. टेबलक्लॉथच्या चारही कोपऱ्यांवर नक्षी छापली असेल, तर समोरासमोरचे दोनच कोपरे भरून उरलेली छपाई धुऊन काढावी. यात काहीही कमीपणा नाही. नक्षी आपल्या हाताच्या मापाची करून घेणे हासुद्धा शिकण्याचाच भाग आहे.

सर्वांत आधी झबले हाती घ्या, कारण भाची वाढते आहे. बाळाच्या कपड्यात मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची असते. गाठ त्वचेला टोचते आणि एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेलेल्या लांब दोऱ्यात बाळाची बोटे अडकतात. म्हणून प्रत्येक फुलाचा दोरा तिथेच संपवावा, सुई मागच्या चारपाच टाक्यांखालून ओढून दोरा कापावा आणि आतून मलमलीचे पातळ अस्तर लावावे. आपल्या भागातल्या जुन्या इरकली लुगड्यांवर धारवाडकडची कसुती, म्हणजे तिकडचे पारंपरिक भरतकाम, पाहायला मिळाली, तर ती अवश्य उलटून पाहा. त्या कामात दोऱ्याला गाठ मारत नाहीत आणि गवंती व मुर्गी हे तिचे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. नवशिक्या हाताकडून इतक्या सफाईची अपेक्षा नाही, पण दोरा गाठीवाचून कसा टिकतो हे त्यातून नीट कळते.

शेवटचा टाका घातला की काम संपले असे आपण धरून चालतो, आणि माझ्या मते कामे रखडण्याचे मोठे कारण हेच आहे. कापडावर कार्बनच्या रेघा असतात, कापड ताणून धरणाऱ्या रिंगचा वळ उठलेला असतो, कडा शिवायच्या असतात; ते मळकट कापड पाहून पुढे हात लावावासा वाटत नाही. यासाठी धुणे, इस्त्री आणि शिलाई यांचा वेळ सुरुवातीपासूनच हिशेबात धरावा. इस्त्री नेहमी धुतल्यानंतर करावी, कारण छपाईची रेघ उष्णतेने पक्की झाली तर पुढे निघत नाही. थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावे. लाल किंवा काळ्या दोऱ्याचा रंग उतरू लागला तर मिठाच्या पाण्यावर विसंबू नये. डाग कापडावर वाळू न देता, पाणी स्वच्छ येईपर्यंत ते बदलत राहावे. नंतर सावलीत वाळवून, किंचित ओलसर असतानाच जाड टॉवेलवर भरतकामाची बाजू खाली ठेवून इस्त्री फिरवावी, म्हणजे गाठी चपट्या होत नाहीत.

अभ्रा आधीच शिवलेला असेल तर एका बाजूची शिवण उसवून काम करावे, नाहीतर सुई मागचे कापडही धरते. कोरे कापड घेताना नक्षीच्या चारही बाजूंना दोन इंच जास्त ठेवावे. साताऱ्याच्या पावसाळ्यात कापडात टोचून ठेवलेली सुई गंजते आणि तो डाग सहज जात नाही. म्हणून उठताना सुई काढावी, रिंगही सोडावी. नवीन नक्षी आवडली तर ती वहीत जपून ठेवा. झबले पूर्ण होईपर्यंत ती कापडावर मात्र छापू नका.

प्रश्न : भरताना दोरा सारखा गुंततो आणि कंटाळून काम सुटते. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोरा बहुधा लांब घेतला जात असावा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर दोरा पुरे. लडीचा दोरा सहा पदरी असतो. त्यातून हवे तेवढे पदर एकेक करून ओढून काढावेत आणि मग ते जुळवून सुईत ओवावेत. एकदम दोनतीन पदर ओढले की पीळ पडतो. काम करताना अधूनमधून सुई मोकळी लोंबकळू द्यावी. ती गरगर फिरून दोऱ्याचा पीळ आपोआप सुटतो.