कोल्हापूरहून हो चि मिन्ह शहरात गेल्यावर टू-व्हीलर चालवायची सवय कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोलीच्या फौंड्रीतून कंपनी वर्षभरासाठी हो चि मिन्ह शहरात पाठवतेय, घरापासून कारखान्यापर्यंत टू-व्हीलरनं जायचा विचार आहे, पण तिथल्या चौकांचे व्हिडिओ बघून पोटात गोळा आलाय.

गर्दीपेक्षा आधी परवान्याचं बघा, कारण आपली बरीच माणसं तिथंच फसतात. कोल्हापूरच्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे असतो. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना कराराचा परवाना मानतो. त्यामुळे आपल्या परवान्याचं पुस्तक दाखवून भाड्याची गाडी मिळेल, पण कायद्यानं तुम्ही विनापरवानाच ठरता आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. तुम्ही वर्षभर राहणार, म्हणजे 3 महिन्यांहून जास्त मुदतीचा व्हिसा किंवा निवासी कार्ड मिळणार. त्यावर भारतीय परवान्याचं अधिकृत भाषांतर जोडून स्थानिक परवाना करून घेता येतो. भारतीय परवान्यावर मोटरसायकलचा प्रवर्ग आहे ना, हे निघायच्या आधी तपासा. परवाना हातात येईपर्यंत ग्रॅबच्या (ओला-उबरसारखं तिथलं ॲप) बाइकवर मागं बसून जा, किंवा 50 सीसीखालची गाडी घ्या, तिला परवाना लागत नाही.

मागं बसलेले हे दिवस वाया जात नाहीत. चालवणाऱ्याच्या खांद्यावरून नीट बघा. शहरात 70 लाखांहून जास्त मोटरसायकली आहेत, आणि तो लोंढा एकाच गोष्टीवर चालतो: प्रत्येकजण आपल्या पुढच्याला सांभाळतो आणि मागचा आपल्याला सांभाळेल असं धरून चालतो. म्हणून वेग 20 ते 25 च्या आसपास, एकसारखा. राजारामपुरीत आपण फट दिसली की पिळतो आणि पुढं कुणी आला की कचकन ब्रेक मारतो. तिथं मागची गाडी हातभर अंतरावर असते आणि दोन्ही बाजूंना हँडलला हँडल लागलेलं असतं, त्यामुळे तसा ब्रेक मारला की मागचे दोघं-तिघं तुमच्यावर येतात. ब्रेक लावायचाच तर लवकर आणि हळूहळू लावा. वळायचं असेल तर पन्नास मीटर आधीपासून इंडिकेटर देऊन थोडं थोडं सरका. हॉर्न हलका, एकदाच. ‘मी इथं आहे’ एवढंच सांगायला. रात्री 10 ते पहाटे 5 वस्तीत हॉर्नला बंदी आहे.

पायी रस्ता ओलांडतानाही हेच. वाहतूक कमी व्हायची वाट बघत उभं राहिलात तर उभेच राहाल. हात थोडा वर करा, एका चालीनं सरळ चालत राहा. पळू नका, मधेच थांबू नका आणि काही झालं तरी मागं पाऊल घेऊ नका, कारण दुचाकीवाल्यानं तुमच्या चालीवरून तुमच्या मागून जायचं आधीच ठरवलेलं असतं. बस आणि ट्रकसाठी मात्र थांबा, ते वळसा घेऊ शकत नाहीत.

आता उजवी बाजू, कारण तिथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. गर्दीत चूक होत नाही, सगळ्यांबरोबर आपण आपोआप बरोबर बाजूनं जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर: पहाटे, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, गल्लीतून मुख्य रस्त्याला लागताना. स्पीडोमीटरशेजारी उजवीकडं बाण दाखवणारा स्टिकर लावून टाका. रस्त्यावर येताना आधी डावीकडं बघायचं. मोठं वळण आता डावं. त्या वेळी एकट्यानं घुसू नका, वळणाऱ्या घोळक्याच्या आतल्या बाजूला राहा म्हणजे समोरून येणारे आणि तुम्ही यांच्यात चार गाड्या असतात. गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, साध्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला.

सगळ्यात जास्त भीती बाळगायची ती कंटेनरची. कात लाय बंदराकडच्या रस्त्यांवर ते सतत असतात. तिथं ड्रायव्हर डावीकडं बसतो, म्हणून त्याला न दिसणारी बाजू उजवी, आणि दुचाकीची लेनही बहुतेक उजवीकडंच. आपल्याकडं हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली जशी आत कापत येते, तसाच कंटेनर उजवीकडं वळताना कडेच्या दुचाकीला दाबतो. सिग्नलला त्याच्या उजव्या अंगाला कधीच उभं राहू नका. एक तर त्याच्या बराच पुढं, नाहीतर मागं.

दंड 2025 पासून फार वाढलेत. लाल सिग्नल तोडला, उलट दिशेनं गेलात किंवा फुटपाथवर गाडी घातली तर दुचाकीला 40 ते 60 लाख डोंग, म्हणजे साधारण 13 ते 20 हजार रुपये. लाल दिव्यावर उजवीकडं वळायचं तर तशी पाटी किंवा हिरवा बाण हवाच. दारूची मर्यादा शून्य आहे; एका बिअरनंतरही गाडी तिथंच ठेवून ग्रॅब बोलवा.

गाडी कोणती? ॲक्टिव्हाची सवय असेल तर होंडा व्हिजन, काही नवं शिकावं लागत नाही. होंडा वेव्ह स्वस्त पडते, पण तिला क्लच नाही, नुसते पायाचे गिअर. हेल्मेट इथूनच पूर्ण चेहरा झाकणारं न्या. तिथं रस्त्यावर मिळणाऱ्या पातळ टोपीसारख्या हेल्मेटांचा डोक्याला उपयोग नाही. नकाशा बघायचा तर फुटपाथच्या आतल्या बाजूला थांबून बघा, रस्त्याच्या कडेला हातातला मोबाइल हिसकावून नेण्याचे प्रकार होतात. चालवताना कानात इअरफोन घालायलाही कायद्यानं मनाई आहे.

पाऊस मे ते नोव्हेंबर. पंचगंगेचं पाणी चढतं तेव्हा आपल्याला दोन दिवस आधी अंदाज असतो. तिथं सप्टेंबरनंतर भरतीच्या वेळी पाऊस नसतानाही रस्त्यावर पाणी येतं. सायलेन्सरच्या तोंडाच्या वर पाणी असेल तर गाडी घालू नका. बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलत कोरड्या जागी आणा आणि एअर फिल्टर व प्लग बघून घ्या. रेनकोट पँट-शर्टाचा वापरा, पोंचोची शेपटी चाकात अडकते.

पहिली फेरी रविवारी सकाळी सहाला, घर ते कारखाना, मग तोच रस्ता दुपारी. सकाळी 7 ते 8.30 आणि संध्याकाळी 4.30 ते 6.30 ही वेळ महिनाभर तरी टाळता आली तर टाळा. शिफ्ट तशी मागून घ्या. तुमचं घर बेन थान्ह ते सुओई तिएन या मेट्रोच्या वाटेवर पडत असेल, तर माझ्या मते रोज मेट्रो आणि गाडी फक्त जवळपास, हेच उत्तम. फोनमध्ये दोन नंबर आधीच घालून ठेवा: रुग्णवाहिका 115, पोलीस 113.