शेतात केबल चोरणारा सापडला तर किती मारता येतं? कुंपणात करंट सोडला तर?

मालमत्ता वाचवायला बळ वापरायचा हक्क कायद्याने दिलाय. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ वाचा (१ जुलै २०२४ आधी हीच भादंवि ९६ ते १०६ होती). पण गरजेपुरतंच.

विहिरीवरच्या मोटारीची केबल कापताना चोर दिसला, तर अडवा, धरा, झटापटीत त्याला लागलं तरी हरकत नाही. नुसत्या चोरीसाठी जीव मात्र घेता येत नाही. तशी मुभा कलम ४१ मध्ये मोजक्याच प्रसंगी आहे: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवलेल्या गोदामाला आग लावणं, किंवा चोराच्या हातात कोयता असून आपला जीव जाईल अशी रास्त भीती वाटणं. चोर धरून झाडाला बांधला की हक्क संपला. त्यानंतरची प्रत्येक काठी म्हणजे तुमच्यावरचा गुन्हा, आणि गावोगावी माणसं नेमकी इथेच अडकतात.

करंटचा विचार तर डोक्यातून काढाच. तारेला चोर कोण आणि वाट चुकलेलं पोर कोण, काय कळणार? बिहारमधल्या एकाने आपल्या संडासाभोवती वीज सोडलेली उघडी तार लावली होती. शेजारची बाई चिकटून गेली. परवानगीशिवाय आत आली होती, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली मानला नाही, शिक्षा कायम झाली. रानडुकरांसाठी लावली होती म्हणूनही सुटका नाही.

चोर धरलात तर लगेच ११२ ला फोन करा.