संपले की संपले

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात तू बोलत होतीस तेव्हा मी नुसतं ऐकून घेतलं. तुझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि डोळे भरून आले होते, तेव्हा सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून लिहितो आहे.

कॉलेज रोडच्या दुकानात लेकाने रिमोटची गाडी मागितली. तू म्हणालीस, "पैसे नाहीत." तो म्हणाला, "मग फोन दाखव ना." आणि रात्री अंथरुणात विचारलं, "आई, आपण गरीब आहोत का?" तेव्हापासून तू चक्रावली आहेस की सात वर्षांच्या पोराशी पैशाचं बोलावं का, की त्याचं बालपण त्यात करपेल.

बोलू नकोस. बोलण्याने हे येत नाही. त्याच्या हातात थोडे खरे पैसे दे आणि संपले की संपू दे. पुन्हा भरू नकोस. मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि हेच मी या पत्रात दहादा सांगणार आहे, कारण ऐकायला सोपं वाटतं आणि करताना जीव तुटतो.

त्याची यात काही चूक नाही. यूपीआय 2016 साली सुरू झालं, हा त्यानंतर जन्मला. दूध, रिक्षा, पाणीपुरी, सगळीकडे तू फोन पुढे करतेस, आवाज येतो, वस्तू हातात पडते आणि फोन परत तुझ्याच पर्समध्ये जातो. तुझ्याजवळचं काही कमी झालेलं त्याला दिसतच नाही. आमची आई पदराच्या गाठीतून नोट काढायची आणि गाठ सैल पडायची. ती सैल गाठ आम्ही पाहिलेली आहे.

आणि "पैसे नाहीत" हे खोटं होतं, त्याचा मला राग आला. तूच सांगितलंस, पुढच्याच दुकानात त्याच फोनवरून तू चादर घेतलीस. पोरं हे टिपतात. "पैसे आहेत, पण गाडीसाठी ठेवलेले नाहीत" असं म्हण. आपण गरीब नाही, आपले पैसे मोजके आहेत. मोजके पैसे सगळ्यांचेच असतात.

मी 35 वर्षं नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये काढली, हे तुला ठाऊक आहे. 1928 पासून तिथे नोटा छापतात. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल, हेच दिवसभर डोळ्यांसमोर. संध्याकाळी गेटवर झडती द्यायची आणि घरी आलं की महिनाअखेरीला पिठाचा डबा हलका. माझी मुलगी सहा वर्षांची असताना म्हणाली, "बाबा, तुम्हीच छापता ना, मग जास्त छापा आणि सगळ्यांना वाटून टाका." किती छापायच्या ते सरकार आणि रिझर्व्ह बँक ठरवतात, एवढं सांगून मी सुटलो असतो. पण ते उत्तर नव्हे.

रविवारी क्वार्टरच्या ओट्यावर सहा पोरं बसवली. प्रत्येकाला 10 चिंचोके दिले, मधे शेंगदाण्याच्या चिक्कीच्या 6 वड्या ठेवल्या आणि लिलाव पुकारला. पहिली वडी 6 चिंचोक्यांना गेली. पुढच्या रविवारी प्रत्येकाला 20 चिंचोके दिले. पोरं नाचायला लागली. पहिली वडी 13 ला गेली, दुसरी 15 ला. माझी लेक मुठीतले चिंचोके तसेच धरून ताटलीकडे बघत होती. हळूच म्हणाली, "बाबा, वड्या तेवढ्याच आहेत." नोटा वाढल्या तरी वड्या वाढत नाहीत, हे तिला मी शिकवलं नाही, तिनेच मोजलं. तू हे घरी करून बघ. चिंचोके नसतील तर बटणं घे.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही घसा दाटतो.

1993 चं नवरात्र. कालिकेच्या यात्रेसाठी घटस्थापनेलाच मी लेकीच्या हातात 25 रुपये ठेवले. तेव्हा ती आठ वर्षांची होती. सांगितलं, नऊ दिवसांचे आहेत. दोन संध्याकाळींत बांगड्या, फुगा, शिट्टी आणि रेवड्यांत ते उडाले. अष्टमीला सगळी चुलत भावंडं आली आणि मोठ्या पाळण्यात बसायला धावली. तिकीट 3 रुपये. ती खाली उभी राहिली. पाळणा वर गेला की मान वर, खाली आला की मान खाली. बायकोने माझा हात दाबला. खिशात सुटे होते, मला ते बोटांना लागत होते. मी दिले नाहीत. बस नाशिकरोडला पोहोचेपर्यंत ती हुंदके देत होती.

बायको हे अजून काढते. म्हणते, तीन रुपयांसाठी पोरीला रडवलंत. तीन रुपयांसाठी नव्हतं ते! त्या दिवशी दिले असते तर पुढे दर वेळी दिले असते. पुढच्या वर्षी पोरीने तीन रुपये रुमालाच्या कोपऱ्याला बांधून दसऱ्यापर्यंत जपले. आज तिचं स्वतःचं घर आहे, एक पैसा कर्ज नाही. मी बरोबर होतो.

एका गोष्टीत मात्र चुकलो. पाळण्याखाली उभं राहून मी म्हणालो, "सांगितलं होतं ना तुला?" मागच्या दिवाळीत ती म्हणाली, "बाबा, मला पाळणा आठवत नाही, तुमचा आवाज आठवतो." तेवढं वाक्य मला परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. पैसे देऊ नकोस, पण शेजारी उभी राहा, हात धर आणि गप्प बस. संपलेला खिसा सगळं सांगतो, त्यावर तू आणखी काही सांगू नकोस.

त्या रडण्याने मी इतका हललो की धाकट्याच्या वेळी ढिला पडलो. त्याचे संपले की मी द्यायचो, बायकोला न कळता. दहा, पन्नास, पुढे पाचशे. शाळेत, कॉलेजात, नोकरीतही. 2018 साली त्याच्या तीन क्रेडिट कार्डांची थकबाकी माझ्या निवृत्तीच्या पैशातून फिटली. त्याने फोनवर "बाबा, तुमच्याकडे किती आहेत?" असं विचारलं नाही. "कधी टाकताय?" असं विचारलं. माझ्या लेकाचा दोष नाही तो. त्याच्यासाठी खिसा कधी संपलाच नव्हता. मी संपू दिला नव्हता.

म्हणून तुझ्यावर चिडतो. तुझ्या पोराला अजून वेळ आहे.

दर बुधवारी दे, महिन्याचे देऊ नकोस. सात वर्षांच्या पोराला महिना म्हणजे युग वाटतं. 40 रुपये पुरे, सुटे दे, नाण्यांत दे, म्हणजे कमी होताना हाताला कळतं. त्यातून काय घ्यायचं ते त्याने ठरवायचं. भिकार प्लास्टिकचं खेळणं घेतलं आणि संध्याकाळी मोडलं तरी बोलू नकोस. उचल द्यायची नाही. ताट उचलल्याचे पैसे द्यायचे नाहीत, ते घरचं काम आहे. आणि ओवाळणीचे पैसे "मी ठेवते हं" म्हणून तुझ्या पर्समध्ये घालू नकोस, ते परत येत नाहीत हे प्रत्येक पोराला माहीत असतं. डब्यात ठेव, त्याच्यासमोर मोज. दहा वर्षांचा झाला की बँका त्याला स्वतःचं खातं चालवू देतात, रिझर्व्ह बँकेने तशी मोकळीक दिलेली आहे, तेव्हा पासबुक त्याच्याच हातात दे.

सर्वांत कठीण तुझ्या सासूबाईंचं जाईल. त्या मागच्या दाराने देतील. मीही देत होतो. त्यांच्याशी भांडू नकोस, हे पत्र वाचायला दे.

या बुधवारी शाळा सुटली की त्याला घेऊन गोदाघाटावर बाजाराला ये. मी पाचपासून मेथीवाल्यांच्या रांगेपाशी असेन. त्याचे 40 रुपये त्याच्याच खिशात असू देत, त्यातून घरासाठी एक भाजी आणि स्वतःसाठी काय हवं ते. आधी भेळ खाल्ली आणि भाजीला उरले नाहीत तर त्या रात्री सगळ्यांनी पिठलं खायचं, आणि कोणी काही म्हणायचं नाही. मी त्याच्यासोबत फिरेन. येताना खिशात बसभाड्यापलीकडे एक रुपयाही ठेवणार नाही.

तुझा,
वरच्या मजल्यावरचे काका