लग्नाला सात आठवडे आणि नवरी काकडीवर

प्रश्न: ताई, मी 27 वर्षांची, उंची पाच फूट तीन इंच. डिसेंबरात लग्न आहे. साखरपुड्याचे फोटो बघून होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "जरा भरलेली दिसतेय नाही?" तेव्हापासून डाएट सुरू केलं. सकाळी ग्रीन टी, दुपारी काकडी आणि वाटीभर मूग, रात्री सूप. तीन आठवड्यांत 64 वरून 57 वर आले. अजून सात किलो कमी करायचंय, ब्लाउजही त्याच मापाने शिवायला टाकलेत. पण जिना चढताना डोळ्यापुढे अंधारी येते, पाळी चुकलीये, आत्याकडच्या केळवणात पुरणपोळी खाल्ली त्या रात्री उजव्या बरगडीखाली जाम दुखलं. दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्यावर राहिले. आई रोज भांडते. रात्री झोप नाही, रेसिपीचे व्हिडिओ बघत बसते. अजून सात आठवडे हे कसं टिकवू?
– काकडीवाली नवरी

अगं बाई, टिकवायचं कसं ते मी नाही सांगणार, आणि ही पण आईच्याच बाजूची म्हणून लगेच बंद करू नकोस, पूर्ण वाच.

आधी ते केळवणाचं दुखणं, कारण तू ते एका ओळीत उरकलंस आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. वजन धडाधड उतरतं ना तेव्हा लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि तू तेलातुपाचा थेंबही खात नाहीस म्हणून पित्ताशय नीट रिकामं होत नाही, पित्त तिथेच साचून घट्ट होतं आणि खडे धरायला लागतात. मग एक दिवस तुपातली पुरणपोळी पोटात गेली की पित्ताशय आवळतं आणि नेमकी तिथेच कळ येते. तुझं तेच असेल असं मी इथे बसून सांगू शकत नाही, साधी ॲसिडिटीही असेल, पण आठवड्याला दीड किलोच्या वर वजन गेलं की खड्यांचा धोका वाढतो आणि तुझं सव्वादोनच्या वर जातंय. सोनोग्राफी करून घे. परत दुखलं आणि सोबत ताप, उलट्या किंवा डोळे पिवळे दिसले तर सकाळची वाट बघत बसू नका.

बरं ते सात किलो, त्यातलं चरबीचं किती? पहिले दीड-दोन किलो बहुतेक पाणीच, कारण शरीर ग्लायकोजेन म्हणून जी साखर साठवतं तिच्या दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी असतं, साखर संपली की पाणीही गेलं, काटा खाली आला की आपण खूश. पुढे चरबीसोबत स्नायूही जातात, आणि ते जाताना दिसत नाहीत, जिन्यावर कळतात.

आणि केस! उपासमारीने गळणारे केस लगेच गळत नाहीत गं, साधारण दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. तू सुरू केलंस तिथून मोज, बरोबर हळदीचा आठवडा येतो. पार्लरवाली काय करणार त्यात?

रात्री रेसिपी बघतेस त्याची लाज वाटून घेऊ नकोस. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या संशोधकाने 36 धडधाकट तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धात उपासमार झालेल्यांना परत खायला कसं घालायचं ते समजून घ्यायला. तर हे गडी दिवसभर जेवणाच्याच गप्पा मारायचे, काहीजण तर रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले, चिडचिड वाढली, सारखी थंडी वाजायची. आणि त्यांना दिवसाला साधारण 1570 कॅलरी मिळत होत्या. तुझे मूग आणि सूप मोजले तर पाचशेलाही पोचत नाहीत, त्यामुळे हा इच्छाशक्तीचा प्रश्नच नाहीये.

पाळी चुकली त्याचं कारणही हेच असू शकतं, खायला पुरेसं येत नाही म्हटल्यावर शरीर ते काम आधी थांबवतं. पण शक्यता असेल तर प्रेग्नन्सी टेस्ट आधी कर, इथे कोणी नाव विचारत नाहीये.

आता हिशोब बघ. तुझ्या उंचीला 57 किलो म्हणजे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22 च्या आसपास, आपल्याकडे 23 च्या खाली ठीक धरतात. मग 50 चा आकडा आला कुठून, ब्लाउजवरून? टेलरकडे आजच फोन कर, कापड कापलं नसेल तर आत्ताचं माप दे, कापलं असेल तर आत माया किती आहे विचार. तो रोजच नवरीमुलींचे ब्लाउज उसवतो, त्याला काही वाटणार नाही.

डॉक्टरकडे या आठवड्यात जा, हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम आणि बीपी बघायला सांग. चक्कर येऊन पडलीस किंवा छातीत धडधडलं तर त्याच दिवशी, कारण पोटॅशियम घसरलं तर हृदयाचे ठोकेही बिघडतात. खाणं एकदम ताटभर नको, डॉक्टरांना विचारून हळूहळू वाढव, भाकरी, आमटी, उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, आणि आमटीला फोडणी हवीच. केळवणाला जायचं, जेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाण्यावर राहायचं नाही, ते मला अजिबात आवडलेलं नाही. खाल्ल्यावर शिक्षा करावीशी वाटत राहिली, उलटी काढावीशी वाटली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सासूबाईंना मी काही म्हणणार नाही, त्या एक वाक्य बोलून बहुतेक विसरल्याही असतील. पण तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं पत्रात नावही नाही. तुला अंधारी येतेय, पाळी चुकलीये हे त्याला माहितीये का? सांग त्याला, आणि तो काय म्हणतो ते नीट ऐक.

रिपोर्ट आले की परत लिही, आणि हिमोग्लोबिनचा आकडा खरा लिही, दोनने वाढवून नको.