पडवीतल्या जुन्या लाकडी खांबात वायरसाठी खोबण कशी पाडावी? (लाकूड कोरायचं राउटर मशीन नाही, सुतारही नाही)

तुमचा प्रश्न असा: पडवीत फणसाचा सहा इंची चौकोनी खांब आहे, त्यातून दिव्याची आणि प्लगची वायर खाली उतरवायची आहे. हाताशी पटाशी, हातोडी आणि साधं ड्रिल मशीन. सुतार गणपती होईपर्यंत फिरकणार नाही. सुताराचं आमच्या गुहागरकडेही तेच. जुलैत फोन केला की "येतो" म्हणतो, कुठल्या वर्षी ते सांगत नाही.

मीही सुतार नाही. वडिलोपार्जित घराचे तीन खांब मी असे कोरलेत आणि त्यातला पहिला बिघडवलाय. त्या पहिल्या खांबात वायरीचा पाइप बसवल्यावर भुसा आणि गोंद कालवून मी खोबण गच्च बुजवली, वर पॉलिश मारलं. वायर कुठून जाते ते शोधून दाखवा, असं पाहुण्यांना सांगायचो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पॉलिश फुगलं. उकरून बघतो तर आत लाकूड काळं पडलेलं, ओलं, आणि मुंग्यांनी घर केलेलं. कौलातून झिरपलेलं पाणी वायरीच्या कडेने आत उतरत होतं आणि त्याला बाहेर पडायला जागाच नव्हती. तेव्हापासून मी खोबण झाकतो, बुजवत नाही. वर स्क्रूने बसवलेली पट्टी आणि खालचं टोक उघडं. आपल्याकडे कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, थोडं पाणी कुठून ना कुठून आत शिरणारच.

आधी खांब तपासा. हातोडीच्या दांड्याने वरपासून खालपर्यंत ठोकत या. पोकळ आवाज आला, किंवा तळखड्याजवळ (खांबाखालच्या दगडाजवळ) स्क्रू-ड्रायव्हर टोचल्यावर तो लोण्यात शिरावा तसा आत गेला, तर वायरीचा विषय बाजूला ठेवा, आधी खांबाचं बघा. जुन्या खांबात मोडलेले खिळे असतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं की ते कळतात आणि पटाशीची धार वाचते. खांबावर लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग असेल तर मेन स्विच बंद करा आणि टेस्टर लावून खात्री करा. तसल्या वायरींचं आवरण इतकं कडकलेलं असतं की नुसत्या धक्क्याने गळून पडतं.

खांब फणसाचा आहे हे बरं झालं. ऐनाचा असता तर पटाशीला दर दहा मिनिटांनी धार लावावी लागली असती. माडाचा असता तर नकोच म्हणालो असतो. माडाच्या खोडाची सगळी ताकद बाहेरच्या थरात असते, आतला भाग मऊ. बाहेरून खाच पाडली की जे टणक आहे तेच आपण काढून टाकतो. पोफळीचंही तेच. फणसाची एकच खोड आहे, त्याचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात. पटाशी सरळ चालवत असताना मध्येच उलट्या रेषेला भिडते आणि लांब ढलपा उचकटते.

खांब कमजोर होईल ही तुमची भीती रास्त आहे, पण हिशेब करून बघा. बाजारात सहज मिळणारा २० मिमीचा पाइप घेतला तर खोबण २२ मिमी रुंद आणि २२ मिमी खोल लागते. सुताराच्या भाषेत सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सहा इंची खांबाच्या छेदातलं हे जेमतेम दोन टक्के लाकूड. तेही उभ्या रेषांच्या दिशेने निघतं, त्यामुळे खांबाला फारसं जाणवत नाही. त्याच खांबात स्विचचा डबा बसवायला तीन इंच रुंद आणि पावणेदोन इंच खोल चौकोन कोरलात तर त्या जागी पंधरा टक्के छेद जातो, आणि रेषे आडवे तुटतात ते वेगळंच. म्हणून बोर्ड वरूनच बसवा, दिसायला थोडा पुढे आला तरी चालेल. खोबणही तुळईच्या सांध्यापासून वीतभर खाली सुरू करा आणि तळखड्याच्या वीतभर वर थांबवा. सांध्याजवळ पाइप बाहेरूनच वळवून घ्या.

कोरायची बाजू घराकडची. आपल्याकडे झड येते ती नैऋत्येकडून, तेव्हा पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू सोडा, झावळ्यांची झापं लावत असलात तरी.

आता खोबण. सरळ पट्टी धरून २२ मिमी अंतरावर दोन उभ्या रेघा पेन्सिलने मारा, ओळंबा सोडून तपासा. जुना खांब स्वतः तिरका असेल तर ओळंब्याचं ऐकू नका, खांबाच्या कडेला समांतर जा, नाहीतर खोबणच वाकडी दिसते. मग त्याच रेघांवर कटरने दोन-तीन वेळा खोल चिरा द्या. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक ते टाळतात, पण फणसाचा ढलपा कडेबाहेर उचकटत जातो तो याच चिरेला येऊन थांबतो.

ड्रिलला लाकडाचं १० मिमीचं बिट लावा आणि टोकापासून २० मिमीवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, म्हणजे किती आत गेलं ते दिसेल. प्रत्येक रेघेपासून ६ मिमी आत एक अशा भोकांच्या दोन ओळी, दर १५ मिमीला एक भोक. सहा फुटांना साधारण २४० भोकं होतात. एक दुपार जाते. ड्रिल तापलं की थांबा, चहा घ्या. मशीन खांबाला काटकोनात धरा, तिरकं गेलं की बिट कडेच्या रेघेबाहेर शिरतं.

भोकांमधलं लाकूड अर्ध्या इंची पटाशीने काढा आणि कडा पाऊण इंचीने साफ करा. पटाशीवर लाकडी मोगरीने हलके ठोके द्या. धारेचा उतार खाली ठेवून धरलीत तर ती तळाला खोल घुसत नाही, वर येत राहते. एका दिशेने ढलपे उचकटायला लागले की लगेच उलट बाजूने या, जोर लावून काही होत नाही. खालचं टोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा, म्हणजे आत आलेलं पाणी तिथून निघून जाईल.

कोणीतरी ग्राइंडरला लाकडाची पाती लावून करा असं सुचवेल. करू नका. ती पाती लाकडात अडकली की मशीन उसळून अंगावर येतं आणि शिडीवर उभ्या माणसाला ते सावरता येत नाही.

कोरलेलं लाकूड कोरं असतं, वाळवीला आमंत्रणच. मी काजूच्या टरफलांचं काळं तेल ब्रशने लावतो. ते हाताला लागलं तर कातडी भाजते, रबरी हातमोजे घाला. तेल लाकडात मुरून वरचा चिकटपणा गेल्यावरच पाइप बसवा. पाइपाशिवाय नुसती वायर खोबणीत सोडू नका, उंदीर पहिल्याच महिन्यात तपासणी करून जातात. दिव्याला १.५ चौरस मिमी आणि प्लगला २.५ चौरस मिमी वायर घ्या, दोन्हीकडे अर्थिंगची तिसरी वायर हवीच. ही सगळी जोडणी परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या आणि त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच, लावायला सांगा. पाइप बोर्डाच्या वर सोडू नका, नाहीतर पाणी थेट स्विचवर येईल. तो बाजूने खाली न्या, वायरला थोडा झोळ द्या आणि मग खालून वर बोर्डात घ्या. पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळतं.

वरची पट्टी दीड इंच रुंद आणि तीन सूत जाड असली की पुरे. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे, खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू दोन वर्षांत गंजून डोकं मोडतात. गोंद बिलकूल नको. आणि पट्टीवर मार्करने एक विजेची खूण काढा. दिवाळीत आकाशकंदिलाला जागा शोधताना माझ्या मेहुण्याने नेमका त्याच पट्टीवर खिळा ठोकला. ३० मिलिअँपिअरवाला ट्रिप झाला म्हणून मेहुणा अजून दिवाळीला येतो.

एवढं सगळं वाचून गणपतीआधी उरकायचा बेत असेल तर माझ्या मते थांबा. सध्या लाकूड पाणी पिऊन फुगलंय, तेल मुरणार नाही आणि आत्ता घट्ट बसवलेली पट्टी उन्हाळ्यात आक्रसून फटी पाडेल. गणपतीपुरती खांबावरून केसिंग पट्टी (वायर झाकायची प्लॅस्टिकची पट्टी) लावून वायर उतरवा, तासाभराचं काम आहे. दिवाळी उलटली, ओल सुकली की खोबण पाडायला घ्या.