जेवलं की पोट फुगतं, आहारात काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं झाली, दुपारचं जेवण झालं की संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं होतं. सोनोग्राफीत काही निघालं नाही, ओव्याचं पाणी, हिंग, गॅसच्या गोळ्या सगळं करून झालं. आणि आता विचारताय की रत्नागिरीत राहून मासे-भात सोडावा लागेल का. माझं ऐकाल तर मासे-भात सर्वात शेवटी सोडा. मालवणात माझी घरगुती खाणावळ आहे आणि हे दुखणं मी स्वतः सहा वर्षं काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओवा, हिंग, बडीशेप यांनी कोंडलेला वारा सरायला मदत होते. मला आजही होते. पण वारा सरणं वेगळं आणि तो मुळात धरणं वेगळं. मी सहा वर्षं फक्त सरण्याच्या मागे होते. सकाळी ओवा, रात्री ओवा, मधे गोळी. पोटात वारा धरतोय कशाने, हे कोल्हापूरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंनी विचारेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी समजावलं ते असं. काही पदार्थांतल्या साखरा आपल्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जीवाणू त्यांना आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. शिवाय यातल्या काही साखरा आतड्यात पाणी ओढून घेतात, त्यानेही तडस लागते. ऑस्ट्रेलियातल्या पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड या संशोधकांनी २००५ साली या सगळ्या साखरांना मिळून फॉडमॅप असं नाव दिलं आणि मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात त्यावर पुढे भरपूर काम झालं. हा वायू सगळ्यांच्याच पोटात होतो. पण ज्यांचं आतडं हळवं असतं, त्यांना तेवढ्यानेच असह्य होतं. म्हणूनच एकाच पंगतीत जेवून एकाला काही होत नाही आणि दुसरा शर्ट बाहेर काढून बसतो.

आता माझी चूक सांगते, कारण तुमचीही तीच होत असावी. दर श्रावणात माझं पोट हलकं व्हायचं. आम्ही श्रावण लागल्यापासून गणपती जाईपर्यंत मासे खात नाही. मी सरळ हिशेब लावला, मासे बंद म्हणून पोट बरं. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, माशात ह्या आंबणाऱ्या साखरा नसतातच. श्रावणात आणखी काय बंद असतं?" कांदा-लसूण! भाजलेला कांदा-खोबऱ्याचं वाटप माझ्या खाणावळीत दिवसाला दोन पातेली निघतं, आणि चव बघत बघत मी ते दिवसभर खाते. कांद्या-लसणात फ्रुक्टॅन नावाची अशीच आंबणारी साखर असते. ती पचवायचं पाचक द्रव्य माणसाच्या शरीरातच नाही. सहा वर्षं मी बिचाऱ्या बांगड्याला बोल लावत होते.

यावरची एक युक्ती मात्र फार कामाची आहे. फ्रुक्टॅन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून लसूण ठेचून तेलात सोडायची, तांबूस झाली की झाऱ्याने काढून टाकायची आणि मग त्या तेलात फोडणी करायची. वास राहतो, त्रास जातो. आमटीत नंतर घातलेल्या लसणीला हे लागू नाही, आणि सोलकढीत वाटून घालतो त्या कच्च्या लसणीला तर नाहीच. माझ्यापुरती सोलकढी मी आगळ, नारळाचं दूध, मीठ, हिरवी मिरची आणि कोथिंबीर इतकीच करते. बांगड्याचं तिखलं आमच्याकडे तसंही कांद्याशिवायच होतं, ओलं खोबरं, सुकी मिरची, तिरफळं आणि सोलं. हे जेवण मला आजवर बाधलेलं नाही.

कडधान्यांवर थोडं जास्त लिहिते, कारण तिथे मी सासूबाईंचं ऐकायला हवं होतं. काळे वाटाणे आदल्या संध्याकाळी भिजत घालायचे. सकाळी पातेल्याचं झाकण काढलं की पाणी तपकिरी झालेलं असतं, वर पांढरा फेस असतो आणि जरा उग्र वास येतो. त्या फेसाकडे बोट दाखवून सासूबाई म्हणायच्या, "पयला पाणी पोटात नाय गो, माडाच्या आळ्यात." ते पाणी खरंच त्या परसातल्या माडाला घालायच्या. मग वाटाणे दोन पाण्यांनी धुऊन, फडक्यात बांधून रात्रभर ठेवायच्या, आणि बारीक मोड दिसले की नव्या पाण्यात शिजवायच्या. खाणावळीची गिऱ्हाइकं वाढली तशी मी हे सगळं सोडलं. सकाळी गरम पाण्यात दोन तास, चिमूटभर सोडा आणि कुकर. वाटाणे मऊ व्हायचे, गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती, पण कडधान्यातल्या राफिनोज, स्टॅकियोज या साखरा तशाच राहायच्या. त्या तोडायचं पाचक द्रव्यही माणसाकडे नाही. रात्रभर भिजवून पाणी फेकलं की त्यातल्या काही निघून जातात, मोड आल्यावर आणखी कमी होतात. पूर्ण जात नाहीत, म्हणून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची वाटी लहानच घ्या. कुळथाच्या पिठीचं तुम्ही विचारलंयत. वाटीभर पिठीला पीठच दोन चमचे लागतं, त्यामुळे माझ्या पोटाला ती उसळीपेक्षा कितीतरी सोपी जाते. वाल-पावटे मी सुरुवातीला पूर्ण थांबवले होते, आता महिन्यातून एकदा डाळिंब्यांची उसळ खाते.

भाताची मात्र उगाच बदनामी झाली आहे. "रात्री भात जड, चपाती खा" हे मलाही कितीतरी जणांनी सांगितलं आणि मी ऐकलं. गव्हातही फ्रुक्टॅन असतं. भाताचा स्टार्च जवळजवळ सगळाच लहान आतड्यात शोषला जातो, त्यामुळे रोजच्या धान्यांत वायू सर्वात कमी धरतो तो भातानेच. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, घावन, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, यांतलं काहीही रात्री घ्या. आंबोळीत उडीद असतो, पण पीठ रात्रभर आंबल्याने तोही बराच सौम्य होतो. चपाती आणि सकाळचा पाव यांना मात्र तीन-चार आठवडे सुट्टी देऊन बघा.

पण गहू सोडायच्या आधी सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या आजाराची, रक्तचाचणी करून घ्या. गहू बंद केल्यावर ती केली तर आजार असूनही चाचणी नॉर्मल येऊ शकते.

दुधाचं थोडक्यात. वयाबरोबर पुष्कळ जणांच्या आतड्यातलं लॅक्टेज, म्हणजे दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारं पाचक द्रव्य, कमी होतं. शंभर मिलीलीटर दुधात साधारण पाच ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि बहुतेकांना एका वेळीही बारा ग्रॅमपर्यंत झेपतं. म्हणजे दोन-तीन कप चहाला हरकत नाही. माझे सात कप व्हायचे, निम्मं दूध घालून. दही दुधापेक्षा बरं, कारण विरजणात लॅक्टोज काही प्रमाणात खर्ची पडतं.

फळांत पिकलेला आंबा आणि कलिंगड जपून. काजू तर आपल्याकडे येता-जाता तोंडात टाकतात, आणि ओल्या काजूची उसळ ताटभर खातात. काजूतही याच साखरा भरपूर असतात. फणसाचे चार गरे मला चालतात, त्यापुढे नाही.

तुम्ही दुपारचा डबा किती वेळात संपवता? मी गिऱ्हाइकं उठल्यावर तीन वाजता, ओट्याशी उभ्याने, सात-आठ मिनिटांत जेवायचे. भराभर जेवताना अन्नाबरोबर हवाही गिळली जाते, आणि वर सोडा प्यायलात तर आणखी भर. आता मी खाली बसते, वीस मिनिटं घेते आणि नंतर अंगणात शतपावली करते. रोज पोट साफ होत नसेल तर आधी तेच बघा, कारण मलावरोध असताना वारा पुढे सरकतच नाही. इसबगोल घ्यायचं तर अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर. एकदम दोन चमचे घेतलेत तर उलट जास्त फुगेल.

हे सगळं एकदम बंद करून जन्मभर तसंच राहायचं नाही. चार आठवडे कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, जास्तीचं दूध थांबवा. बरं वाटलं की एकेक परत आणा. एक पदार्थ तीन दिवस, रोज थोडा वाढवत. मग दोन-तीन दिवस मोकळे सोडून पुढचा. यातून तुमच्या पोटाला नेमकं काय सोसत नाही ते कळतं. मला कांदा आणि दूध निघालं, गहू थोडाफार चालतो. चार आठवड्यांत काडीचा फरक पडला नाही तर तेही उत्तरच समजा आणि सगळं पूर्ववत खा. उगाच कुपोषण नको. जमलं तर आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करा. वही ठेवा आणि वेळ लिहा. जेवल्या जेवल्या फुगत असेल तर हवा, घाई किंवा भरगच्च ताट बघा. तीन-चार तासांनी फुगत असेल तर आधीच्या जेवणातलं काहीतरी आंबतंय.

मधुमेहाची औषधं चालू आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाही. मेटफॉर्मिन, आणि त्याहून जास्त व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज यांनी पोट फुगतं. असतील तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. वजन आपोआप घटणं, शौचात रक्त, सतत उलट्या, गिळायला त्रास, रक्त कमी होणं, झोपेतून उठवणारं दुखणं, यांतलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. आणि हे वाचणाऱ्या पन्नाशीच्या पुढच्या बायांनो, पोट अलीकडेच रोज फुगायला लागलं असेल तर गॅस म्हणून सोडून देऊ नका. अंडाशयाची तपासणी करून घ्या. तो कर्करोग सुरुवातीला असाच, नुसत्या पोटफुगीने दिसू शकतो.

वही आजच सुरू करा. मी पहिल्या आठवड्यात जेवण इमानाने लिहिलं, पण चहाचे कप आणि चव बघायला घेतलेलं वाटप लिहिलंच नाही, आणि नेमकं तेच बाधत होतं. तेवढं विसरू नका.